इंग्रजीतला 'गेट' कसा ओळखायचा, कसा वापरायचा: होमस्टे, बोट आणि स्कूबावाल्यांसाठी पायरी-पायरीने

मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ला आणि तिकडे वर गुहागर, दापोली, मुरुडपर्यंत बघितलं तर किनाऱ्यावर आता घरटी कोणी ना कोणी पर्यटनात आहे. कोणाचा होमस्टे, कोणाची बोट, कोणी स्कूबाला गाइड, कोणी शहाळी विकतो. पाहुणे फक्त पुण्या-मुंबईचे राहिले नाहीत, बेंगळुरूचे येतात, केरळचे येतात, मधूनच परदेशातले पण येतात, आणि त्यांच्याशी बोलायचं तर इंग्रजीच. आपल्या पोरांचं इंग्रजी कच्चं आहे असं लोक म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. शब्द माहीत असतात, ग्रामर शाळेत झालेलं असतं, परीक्षेत मार्क पण पडलेले असतात. अडतं ते समोरचा माणूस जे साधं रोजचं इंग्रजी बोलतो तिथे, आणि त्या रोजच्या बोलण्यात सारखा येऊन आदळणारा शब्द म्हणजे गेट. शाळेत शिकवलं गेट म्हणजे मिळणे, बस. मग पाहुणा म्हणतो "आय गेट सीसिक ऑन बोट्स", आता यात त्याला काय मिळालं?

म्हणून हे सगळं एका शब्दावर लिहितोय. लांबलचक आहे, एका दमात वाचू नका, रोज एक पायरी घ्या आणि त्या दिवशी तेवढीच वाक्यं वापरून बघा.

सुरुवात करायच्या आधी उच्चाराचं सांगतो, कारण मराठीत लिहिताना दोन वेगळे शब्द सारखेच दिसतात. फाटकाचं गेट आहे त्यातला 'ए' लांब ओढायचा, आणि आपण ज्याबद्दल बोलतोय त्यातला 'ए' एकदम आखूड, तोंडातून पटकन सुटायला हवा. या लेखात जिथे जिथे गेट लिहिलंय तिथे हा आखूडवालाच समजा, दुसऱ्याला मी फाटकच म्हणेन. आणि ऐकताना अजून एक, अमेरिकन माणूस 'गेट इट' म्हणतो तेव्हा आपल्याला 'गेडिट' ऐकू येतं, 'गेट अप'चं 'गेडप' होतं, 'गॉट इट'चं 'गॉडिट'. पुष्कळ वेळा शब्द कळत नाही असं आपल्याला वाटतं तेव्हा खरं म्हणजे तो नीट ऐकूच आलेला नसतो.

पहिली पायरी: अर्थ पाठ करू नका, पुढचा शब्द बघा

डिक्शनरी उघडली तर गेटचे अर्थ पानभर दिसतात आणि माणूस तिथेच घाबरतो. पण आपल्या मराठीतला 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, झाडाला फणस लागतात, पोराला नोकरी लागते, दार लागतं, एसटी फलाटाला लागते आणि घाटात लहान पोरांना तीच एसटी लागते पण. बोट लागली म्हटल्यावर धक्क्याला लागली की कोणाला उलट्या सुरू झाल्या हे आपल्याला मागचं-पुढचं बोलणं ऐकून लगेच कळतं, कोणी कधी लागणेचे अर्थ पाठ करून घेतले नव्हते. गेटचं अगदी तसंच आहे. तो एकटा काही सांगत नाही, त्याच्या पुढे काय येतं ते बघायचं.

आणि सगळ्या अर्थांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, "आधी नव्हतं, आता आहे". वस्तू हातात नव्हती, आता आहे. माणूस ओला नव्हता, आता आहे. आपण मालवणात नव्हतो, आता आहोत. मुळात हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या भाषेतून इंग्रजीत आला, तिकडे तो 'गेता' असा होता आणि अर्थ मिळवणे असाच होता. बाकीचा सगळा पसारा त्यातून वाढत गेला. त्यामुळे कुठल्याही वाक्यात अडलात की स्वतःला विचारा, इथे बदललं काय? वस्तू, अवस्था का जागा?

दुसरी पायरी: गेटच्या पुढे वस्तू

हे सगळ्यात सोपं आणि शाळेत झालेलं. "आय गॉट अ मेसेज", मला मेसेज आला. "वी गॉट द रूम", रूम मिळाली. पण यातच मिळणं, आणणं, विकत घेणं, पकडणं हे सगळं बसतं. पाहुण्यांचा नेहमीचा प्रश्न, "व्हेअर डू यू गेट युअर फिश?", म्हणजे मासे कुठून आणता. उत्तर सरळ द्या, "वी गेट इट फ्रेश फ्रॉम द जेटी एव्हरी मॉर्निंग." बस किंवा ट्रेन पकडणं पण गेटच, "गेट द मॉर्निंग बस". आजारपण पण, "ही गॉट अ फीव्हर", त्याला ताप आला. स्कूबावाल्यांसाठी तर रोजचं वाक्य, "इफ यू गेट वॉटर इन युअर मास्क, शो मी धिस साइन", मास्कमध्ये पाणी शिरलं तर ही खूण करा.

गेटच्या पुढे आधी माणूस आणि लगेच वस्तू आली तर कोणाला तरी काहीतरी आणून देणं. "कॅन यू गेट मी अ टॉवेल?", मला टॉवेल आणून द्याल का. आणि "कॅन आय गेट अ फिश थाळी?" हे ऐकून पाहुणा किचनमध्ये जाऊन स्वतः वाढून घ्यायची परवानगी मागतोय असं समजू नका, तो ऑर्डर देतोय. "शुअर, आय विल गेट इट फॉर यू" म्हणा आणि पान वाढा.

"आय विल गेट इट" या तीन-चार शब्दांवर जरा थांबा. फोन वाजतोय आणि कोणी "आय विल गेट इट" म्हणालं तर मी घेतो. दारावर कोणी आलंय, तेव्हा तेच वाक्य म्हणजे मी बघतो कोण आहे ते. चार मित्र जेवले, बिल आलं, आणि एक जण म्हणाला "आय विल गेट धिस", म्हणजे बिल मी देतो. त्या वेळी बिल त्याच्याच हातात द्यायचं, बाकीच्यांना विचारत बसायचं नाही. आणि गाडीतून येणारा पाहुणा म्हणाला "कुड यू गेट द गेट प्लीज?" तर पहिला आखूड, दुसरा लांब, फाटक जरा उघडा म्हणतोय.

तिसरी पायरी: गेटच्या पुढे विशेषण

इथे गेट म्हणजे होणे. गेट वेट, ओलं होणं. गेट टायर्ड, दमणं. गेट लेट, गेट रेडी, गेट हंग्री, आणि तो वर आलेला गेट सीसिक, बोट लागणं. फरक एवढाच लक्षात ठेवा की 'आय अॅम टायर्ड' ही आत्ताची स्थिती, मी दमलोय, आणि 'आय अॅम गेटिंग टायर्ड' म्हणजे दमायला लागलोय. हा 'व्हायला लागलंय' वाला गेटिंग बोटवाल्यांनी घोटून ठेवलाच पाहिजे, कारण त्यात लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे. "द सी इज गेटिंग रफ", समुद्र खवळायला लागलाय. "द विंड इज गेटिंग स्ट्राँगर", वारा वाढतोय. "इट्स गेटिंग डार्क, वी शुड गो बॅक नाऊ", काळोख पडायला लागला, परत फिरू या. नुसतं "सी रफ" म्हटलं तर पाहुण्याला वाटतं इथे नेहमीच असं असेल आणि तो अजून अर्धा तास मागतो. गेटिंग लावलं की त्याला कळतं की बदल होतोय आणि वेळ थोडा आहे.

आता एक मोठी चूक जी आपल्याकडे जाम होते. होणे म्हणजे गेट असं डोक्यात बसलं की पोरं म्हणतात "माय ब्रदर गॉट इंजिनियर". नाही. गेटच्या पुढे विशेषण आलं तरच होणे, नाम आलं तर मिळणे किंवा आणणे. "ही गॉट अ डॉक्टर" म्हणजे तो डॉक्टरला घेऊन आला. तो डॉक्टर झाला म्हणायचं तर "ही बिकेम अ डॉक्टर".

अजून एक, मासे खराब झाले याला "द फिश गॉट बॅड" नको, "द फिश वेंट बॅड" म्हणतात. खाण्याच्या वस्तू नासणं, माणूस वेडा होणं, आंधळा होणं, असल्या ठिकाणी इंग्रजीत 'गो' चालतो. हे का असं विचारू नका, कान तयार करा.

चौथी पायरी: गेटच्या पुढे जागा

इथे गेट म्हणजे पोचणे किंवा जाणे, आणि आपल्याला दिवसातून दहादा येणारा प्रश्न याच प्रकारातला. "हाऊ डू आय गेट टू मालवण?" फोनवर हा प्रश्न आला की खूप जण गडबडून फक्त "ट्रेन, ट्रेन, कुडाळ" एवढंच बोलतात. एक तयार वाक्य पाठ करून ठेवा, त्यात गेटचे तीन-चार अर्थ एकदम येतात: "यू कॅन गेट अ ट्रेन टू कुडाळ, गेट ऑफ देअर, गेट अ रिक्षा ऑर अ बस टू मालवण, अँड यू विल गेट हिअर इन अबाउट अॅन अवर." पहिला गेट पकडणे, दुसरा उतरणे, तिसरा पकडणे किंवा करणे (आपण रिक्षा करतो ना, तसं), चौथा पोचणे. कुडाळ ते मालवण साधारण तीस किलोमीटर, त्यामुळे रिक्षाने तासाभराचा हिशोब बरोबर बसतो. एसटीची वाट बघावी लागली तर तेवढं वाढवून सांगा. दापोलीहून गुहागरला जाणाऱ्यांना दाभोळच्या खाडीचं सांगायचं तर "यू कॅन गेट अक्रॉस द क्रीक बाय फेरी", खाडी ओलांडता येते, आणि गाडीसकट, तर "यू कॅन गेट युअर कार ऑन द फेरी टू".

जागेच्या आधी 'टू' लागतो, "गेट टू मालवण". पण हिअर, देअर, होम यांच्या आधी नाही, "गेट होम", "गेट देअर". आणि 'रीच' वापरलात तर टू अजिबात नको, "आय रीच्ड मालवण". आपले लोक सर्रास "रीच्ड टू" म्हणतात, समोरच्याला कळतं पण कानाला खटकतं.

चढणं-उतरणं, हे वेगळं घ्या

ज्यात आपण उभं राहून चालू शकतो, म्हणजे बस, ट्रेन, मोठी फेरी, त्यात चढणं म्हणजे 'गेट ऑन' आणि उतरणं 'गेट ऑफ'. ज्यात वाकून बसावं लागतं, कार, रिक्षा, लहान होडी, त्यात 'गेट इन' आणि 'गेट आउट'. स्कूटर-घोड्यावर बसतो त्याला पण ऑन आणि ऑफ.

आता आपला लाडका 'गेट डाउन'. आपल्याकडे अख्ख्या देशात उतरण्याला गेट डाउन म्हणतात, "गेट डाउन अॅट कुडाळ", आणि बेंगळुरूच्या, दिल्लीच्या पाहुण्याला ते बरोबर कळतं, तिथे चूक काढत बसायचं कारण नाही. पण इंग्लंड-अमेरिकेच्या माणसाला गेट डाउन म्हणजे खाली वाका, खाली बसा, किंवा झाडावरून, भिंतीवरून खाली ये. मालवणच्या धक्क्यावर सिंधुदुर्ग किल्ल्याहून परत आलेली होडी लागत होती, होडीवाला भल्यासाठी ओरडत होता "गेट डाउन, गेट डाउन, केअरफुल", आणि होडीतलं एक परदेशी जोडपं एकदम डोकं खाली घालून, बॅगा पोटाशी धरून बसलं, वरून काही आदळतंय का म्हणून बाई एक हात डोक्यावर धरून होती. होडीवाला हैराण, "अरे मी तेंका उतराक सांगतंय नि ते खाली बसतत!" दोघांचंही बरोबर होतं. लाटेत होडी हलत असताना असा घोळ धोक्याचा आहे, म्हणून परदेशी पाहुण्यांना "यू कॅन गेट आउट नाऊ, वन बाय वन" म्हणा, आणि शिडाचा दांडा किंवा दोर खरंच डोक्यावरून जाणार असेल तेव्हाच "गेट डाउन!". जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात, तिथे हे दुसरं वाक्य खरोखर कामाला येईल.

'गेट आउट' मोठ्याने आणि एकटं म्हटलं तर मात्र चालता हो असा अर्थ होतो. म्हणून त्याला शेपूट जोडा, "गेट आउट ऑफ द वॉटर प्लीज". तसंच "वी गॉट लॉस्ट" म्हणजे आम्ही रस्ता चुकलो, आणि नुसतं "गेट लॉस्ट!" म्हणजे शिवी नाही पण शिवीच्या शेजारची गोष्ट.

पाचवी पायरी: गेटच्या पुढे तिसरं रूप

क्रियापदाचं तिसरं रूप, ब्रोकन, स्टोलन, कॅन्सल्ड वगैरे. इथे कोणीतरी केलं असं न म्हणता "झालं, गेलं, पडलं" असं म्हणायचं असतं. "द ट्रिप गॉट कॅन्सल्ड", ट्रिप रद्द झाली. "द रोप गॉट स्टक", दोर अडकला. "बी केअरफुल, यू विल गेट हर्ट", लागेल हां. बोलताना हे छान वाटतं, लिहून पाठवताना मात्र "द ट्रिप वॉज कॅन्सल्ड" किंवा "हॅज बीन कॅन्सल्ड" बरं दिसतं. लग्नाचं पण याच खात्यात येतं, "दे गॉट मॅरिड हिअर", आणि कोणाशी हे सांगताना 'विथ' नाही, "ही गॉट मॅरिड टू हर".

सहावी पायरी: करून घेणं आणि करायला लावणं

मला विचाराल तर सगळ्यात उपयोगाची आणि सगळ्यात दुर्लक्षित पायरी ही. मराठीत आपण फरक काटेकोर करतो, मी बाइक दुरुस्त केली आणि मी बाइक दुरुस्त करून घेतली. इंग्रजीत बोलताना मात्र दोन्हीला "आय रिपेअर्ड माय बाइक" म्हणतो, आणि समोरच्याला वाटतं हा स्वतः मेकॅनिक आहे. "आय कट माय हेअर" म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं आरशासमोर कात्री घेऊन स्वतःच कापले.

साचा असा, गेट, मग वस्तू, मग तिसरं रूप. "आय गॉट माय बाइक रिपेअर्ड." "आय गॉट माय हेअर कट." "वी गॉट द नेट मेंडेड", जाळं शिवून घेतलं. "आय विल गेट युअर रूम क्लीन्ड बाय इलेव्हन", अकरापर्यंत रूम साफ करून ठेवतो, किंवा ठेवायला सांगतो, दोन्ही त्यात आलं. पाहुणा तक्रार घेऊन आला, गिझर चालत नाही, तर "नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम" म्हणत राहण्यापेक्षा "आय विल गेट इट फिक्स्ड टुडे" एवढं म्हटलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. कारण त्यात कोण करणार हे महत्त्वाचं नाही, काम होणार हे महत्त्वाचं. त्याच साच्यात नको ती गोष्ट पण बसते, "शी गॉट हर फिंगर कॉट इन द डोअर", दारात बोट सापडलं तिचं. इथे काही तिने ते करून घेतलेलं नाही, नशिबाने झालं, प्रसंगावरून कळतंच.

वस्तूच्या जागी माणूस आला आणि काम त्याने करायचं असेल तर मध्ये 'टू' घाला. "आय विल गेट द ड्रायव्हर टू कॉल यू", ड्रायव्हरला फोन करायला सांगतो. "वी गॉट ग्रँडमा टू ट्राय द स्नॉर्कल", आजीला कसंबसं तयार केलं. यात थोडं पटवणं, मनधरणी करणं दडलेलं असतं. 'मेक' वापरलात, "आय मेड हिम कॉल", तर जबरदस्ती केल्यासारखं होतं, आणि मेक नंतर टू लागत नाही.

आणि 'गोइंग' जोडलं की सुरू होणं. "आय कान्ट गेट द इंजिन गोइंग", इंजिन चालू होत नाही. "लेट्स गेट गोइंग", चला, निघू या.

सातवी पायरी: गेट टू, गॉट टू, गॉटा

हे तीन एकमेकांत जाम मिसळतात. गेट टू आणि पुढे क्रियापद, म्हणजे संधी मिळणे. "वी गॉट टू सी डॉल्फिन्स", डॉल्फिन बघायला मिळाले. म्हणून पाहुण्याला "यू विल सी डॉल्फिन्स" अशी गॅरंटी कधी देऊ नका, डॉल्फिन काही आपल्या सांगण्याने येत नाहीत, "यू मे गेट टू सी डॉल्फिन्स" म्हणा, खोटं पडणार नाही.

पण 'हॅव गॉट टू' म्हणजे करावंच लागणार. "आय हॅव गॉट टू गो", मला जायलाच हवं. बोलताना त्यातलं हॅव गळून पडतं आणि गॉटा ऐकू येतं, "आय गॉटा गो". आता "आय गॉट टू गो" हे वाक्य कागदावर लिहिलेलं असेल तर ते जायला मिळालं का जायला पाहिजे, दोन्ही होऊ शकतं. मागचं वाक्य बघा. काल, गेल्या वर्षी असं काही असेल तर मिळालं. माणूस घड्याळाकडे बघत असेल तर पाहिजे.

आठवी पायरी: हॅव गॉट म्हणजे आहे

"हॅव यू गॉट अ रूम फॉर टुनाइट?" यात गॉट असलं तरी काही भूतकाळ नाही, आज रूम आहे का एवढंच विचारलंय. इंग्लंडकडचे लोक असं जास्त बोलतात, अमेरिकन माणूस "डू यू हॅव अ रूम" म्हणेल. उत्तर, "येस, वी हॅव", किंवा "वी हॅव गॉट टू रूम्स, वन विथ एसी" (इथला टू म्हणजे दोन, सातव्या पायरीतला नव्हे).

अमेरिकन लोकांच्या तोंडी अजून एक रूप येतं, 'गॉटन'. पोरांना वाटतं ते चुकीचं इंग्रजी, पण ते जुनंच रूप आहे, इंग्लंडमध्ये मागे पडलं आणि अमेरिकेत टिकलं. 'फर्गॉटन' आपण सगळेच म्हणतो की. तिकडे "आय हॅव गॉट अ कार" म्हणजे माझ्याकडे कार आहे, आणि "आय हॅव गॉटन अ कार" म्हणजे कार घेतली. तुम्ही दोन्हीतलं काहीही बोला, फक्त ऐकल्यावर ओळखा.

नववी पायरी: समजणे

"आय डोन्ट गेट इट", मला कळलं नाही. "गॉट इट?", कळलं? "गॉट इट", कळलं. पाण्यात जायच्या आधी खुणा शिकवून झाल्या की प्रत्येकाच्या तोंडून "गॉट इट" ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका, नुसती मान हलवली तर पुन्हा दाखवा. तुम्हाला पाहुण्याचं बोलणं कळलं नाही तर "सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट" म्हणा. आपण "आय डिडन्ट गेट यू" म्हणतो, चालतं, पण दॅट जास्त गोड वाटतं कारण दोष माणसावर जात नाही, वाक्यावर जातो.

दहावी पायरी: शेपटीवाले गेट

गेटला अप, बॅक, ओव्हर अशा शेपट्या लागल्या की वेगळेच अर्थ होतात. सगळे सांगत नाही, धंद्यात लागतात तेवढे सांगतो. गेट अप, उठणे. गेट बॅक, परत येणे, "वी गेट बॅक बाय सिक्स". पण 'गेट बॅक टू यू' म्हणजे नंतर कळवतो, "लेट मी चेक अँड गेट बॅक टू यू". हे वाक्य बोललात तर खरंच कळवा, कारण समोरचा तो शब्द धरून थांबलेला असतो. गेट थ्रू, फोन लागणे, आणि आपल्याकडे रेंजचे जे हाल आहेत त्यात हे रोज लागतं, "इफ यू कान्ट गेट थ्रू, सेंड अ मेसेज". गेट ओव्हर, आजारातून किंवा धक्क्यातून सावरणे. गेट अलाँग, पटणे, "द डॉग गेट्स अलाँग विथ किड्स". गेट रिड ऑफ, घालवणे, "हाऊ डू यू गेट रिड ऑफ मॉस्किटोज?" हा प्रश्न संध्याकाळी हमखास.

'गेट यूज्ड टू' म्हणजे सवय होणे, हा स्कूबावाल्यांचा हुकमी एक्का. पहिल्यांदा तोंडाने श्वास घेताना माणूस घाबरतो, त्याला "डोन्ट वरी" शंभरदा सांगून उपयोग नसतो, "इट फील्स स्ट्रेंज, बट यू विल गेट यूज्ड टू इट" म्हणा. त्यात त्याची भीती खरी आहे हे पण मान्य केलं आणि जाईल हे पण सांगितलं. यूज्ड टू च्या पुढे काम आलं तर आयएनजी लावायचं, "गेट यूज्ड टू ब्रीदिंग थ्रू युअर माउथ".

कुठे वापरू नये

बँकेला, सरकारी कार्यालयाला, ट्रॅव्हल कंपनीला ईमेल करताना गेट कमी करा. मिळाले साठी रिसीव्हड, पोचणे साठी अराइव्ह किंवा रीच, होणे साठी बिकम. "वी गॉट युअर पेमेंट" व्हॉट्सअॅपवर ठीक आहे, बुकिंगच्या ईमेलमध्ये "वी हॅव रिसीव्हड युअर पेमेंट" लिहा. बोलताना मात्र उलटं, तिथे रिसीव्हड, अराइव्हड करत बसलात तर वर्गात धडा वाचल्यासारखं वाटतं.

आता सराव

खिशात लहान वही ठेवा किंवा फोनमध्ये नोट उघडा. पाहुण्याच्या तोंडून गेट ऐकला की अख्खं वाक्य मराठी अक्षरात लिहून टाका, स्पेलिंग बघू नका, आणि रात्री शेजारी लिहा पुढे काय आलं होतं, वस्तू, विशेषण, जागा, तिसरं रूप, माणूस आणि टू, का शेपटी. एखादा महिना केलंत तरी कान आपोआप पुढच्या शब्दाकडे जायला लागेल.

तोवर ही तीन वाक्यं सोडवून बघा. पहिलं, "गेट युअर बॅग्ज बिफोर दे गेट वेट." दुसरं, "आय कुडन्ट गेट थ्रू, सो आय गॉट माय सन टू कम अँड गेट यू." तिसरं वेळासला कासवं बघून आलेल्या बाईचं असं समजा, "वी डिडन्ट गेट टू सी द टर्टल्स, बट वी गॉट द किड्स टू गेट अप अॅट फाइव्ह!"

पहिल्यात बॅगा उचला आणि ओल्या व्हायच्या आत, म्हणजे वस्तू आणि मग विशेषण. दुसऱ्यात फोन लागला नाही म्हणून मुलाला तुम्हाला आणायला पाठवलं, म्हणजे शेपटी, मग करायला लावणं, मग शेवटी आणणं. तिसऱ्यात कासवं बघायला नाही मिळाली, पण पोरांना पाचला उठायला लावलं, म्हणजे आधी संधी, मग करायला लावणं आणि शेवटी शेपटीवाला. तिला उत्तर देताना तुम्ही पण गेट वापरा, "स्टे वन मोर नाइट, यू विल गेट अनदर चान्स टुमॉरो मॉर्निंग."